शेवटचं अर्धं चित्र

४ फेब्रुवारी

प्रिय,

पुढे नाव लिहीत नाही. आपल्या घरात नावं हातानं घ्यायची असतात, कागदावर ती परक्यासारखी दिसतात. पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. मेसेज तू उघडत नाहीस, ते मला इकडे दिसतं. वन्संनी त्यांच्या फोनवर मला समोर आणलं तर तू पाठ करून बसतोस, हेही त्यांनी सांगितलं. पाठ फिरवली की आपल्यातलं बोलणंच संपतं. भांडणात हरायला लागलास की तू हेच करायचास. कागदापुढे ही युक्ती चालणार नाही. वन्सं हे पाकीट तुझ्या ताटाशेजारी ठेवणार आहेत आणि तू वाचेपर्यंत ताटात काही वाढणार नाहीत, असं आम्हा दोघींचं ठरलंय.

त्या म्हणतात, तू रोज कामावर जातोस, रंधा मारतोस, दारं-खिडक्या बसवून देतोस, पण तुझे हात बोलत नाहीत. गिऱ्हाइकाला चिठ्ठी लिहून दाखवतोस. तुझे दोन बहिरे मित्र भेटायला आले तर त्यांच्यासमोरही हात मांडीखाली घेऊन बसलास. वन्सं सांगताना रडल्या. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. माझ्याशी बोलू नकोस, ते मी समजू शकते. पण तू कुणाशीच बोलत नाहीस.

का, ते मला माहीत आहे. आपली तिळू गेल्यावर महिन्याभरानं, तू तिला शेवटचं टिपलंस त्या कॅसेटची कॉपी दुकानातून आली. तोवर तुला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. मी कितीदा विचारलं, तू नुसती मान हलवायचास. मग कॉपी आली. तिळू मागच्या गॅलरीत उभी आहे, काहीतरी सांगतेय, हात डोक्याकडे जातो, चित्राला हिसका बसतो आणि पुढच्या क्षणी समोरच्या भिंतीवरची कबुतरं. तू ते पुन्हा पुन्हा पाहिलंस. शेवटी माझ्यासमोर उभा राहून हातांनी म्हणालास, "ती डोकं दुखतंय म्हणाली. मी कॅमेरा कबुतरांकडे वळवला." ते तुझं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. त्यानंतर तू बॅग भरलीस आणि वन्संकडे गेलास.

आता कामाचं. तिळूचा आवाज म्हणजे तिचे हात. तुम्हा दोघांना ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येणारी मी तुमच्यात बाहेरची. त्या कॉपीत तिचा आवाज धड नाहीच. सगळीकडे तिला चार-चार हात आहेत, धुरासारखे. मला वाटायचं कॅसेटच खराब झाली. तसं नाहीये. ऑफिसात आता जुन्या कॅसेट संगणकात घ्यायचं काम माझ्याकडे आलंय, तेव्हा कळलं. टेपवरचं एक चित्र, म्हणजे आमच्या भाषेत एक फ्रेम, खरं तर दोन अर्ध्या चित्रांची असते. त्या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. कॅमेरा आधी एक आड एक ओळी टिपतो, सेकंदाचा पन्नासावा भाग गेला की राहिलेल्या ओळी टिपतो. मग दोन्ही एकमेकांत बसतात. दोन्ही पंजांची बोटं एकमेकांत घालून बघ, तसं. माणूस गप्प उभा असेल तर काही बिघडत नाही. पण हात हलत असेल तर तो पहिल्या फील्डमध्ये एका जागी असतो आणि दुसऱ्यात पुढच्या जागी. दुकानदाराला त्या दातेरी कडा नको होत्या, म्हणून त्यानं दोन्ही फील्ड घोटून एक केली. लग्नाच्या कॅसेटला ते चालतं. बोलणाऱ्या हातांना नाही चालत.

मला मूळ कॅसेट हवी आहे. ती तुझ्याकडे आहे, बॅगेत सगळ्यात खाली, मला माहीत आहे. मी फील्ड वेगळी करीन आणि ती काय म्हणाली ते नीट बघीन. पाठव.

तुझी

१९ फेब्रुवारी

प्रिय,

कॅसेट मिळाली. लोक कुरियरच्या पिशवीत घालतात, तू लाकडाचा डबा करून पाठवलास, एकही खिळा न मारता. आमच्या ऑफिसात तो डबा हातोहात फिरला. प्लेयरची दुरुस्ती करणारे आमचे मामा (ते कुणाचेच मामा नाहीत, पण सगळे तसंच म्हणतात) झाकण चार वेळा उघडून-मिटून म्हणाले, "बाई, असं काम करणाऱ्या माणसाला तुम्ही जाऊ कसं दिलं?" मी म्हटलं, तुम्ही तुमच्या प्लेयरचे हेड पुसा.

डब्यात तुझी चिठ्ठी होती. "दिसेल ते लिही. चांगलं करून लिहू नकोस." इतक्या महिन्यांनी दोन ओळी, त्यातली एक टोमणा. असू दे. कबूल. दिसेल ते लिहीन.

टेप वाकडी झाली आहे आणि तिचा लेप सुटायला लागलाय. मामांनी प्लेयर पुसून दिला आणि बजावलं, की ही एकदाच चालेल असं समजून चालवा. म्हणून मी काहीही न कापता घेतलं. दुकानदारानं चारी कडा छाटल्या होत्या, कारण जुन्या टेपच्या चित्रात खालच्या कडेला नेहमी थोडी कचकच, म्हणजे तुटक्या रेघा, असतात. मी कचकचीसकट सगळ्या ओळी ठेवल्या.

मग स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे ओळीनं दिलेल्या आज्ञा. फाईल उघड, फील्ड सुटी कर, प्रत्येकाला पूर्ण उंची दे, क्रमानं लाव. यात गोम एकच. दोन फील्डमधलं आधीचं कोणतं, वरच्या ओळीपासून सुरू होणारं की खालच्या, हे आपण सांगायचं असतं. यंत्र विचारत नाही, ते आपल्या मनानं धरून चालतं. माझ्या यंत्रानं उलटं धरलं. तिळू खोलीतून चालत आली ती पुढे-मागे, पुढे-मागे करत, जणू प्रत्येक पावलाला कुणी मागून फ्रॉक ओढतंय. मामा डोकावून म्हणाले, "पोरीला थंडी वाजतेय का?" मी स्क्रिप्टमधला एक शब्द बदलला आणि पुन्हा लावलं.

या वेळी ती चालत आली. गुडघे जरा बाहेर टाकत, तुझ्यासारखी. धूर नाही, चार हात नाहीत. मी रडले, भर ऑफिसात. लिहून टाकते, म्हणजे नंतर तुला वन्संना विचारत बसायला नको.

अजून वाचलं काही नाही. नुसतं चालणं बघितलं.

तुझी

२७ फेब्रुवारी

प्रिय,

रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं वाचते. हो, वाचते. आता प्रत्येक बोट दिसतं. तुझ्या पोरीला बोलताना श्वास घ्यायची सवय नव्हती, हे मी विसरले होते.

कॅसेटच्या सुरुवातीला ती बुटांवर भाषण करते. नवा बूट चावतो, जुना चावत नाही, तर बाबानं जुनाच मोठा करावा, बाबाला लाकूड जोडता येतं तर बूट का नाही. मग तुझी नक्कल. तू फळी डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून कसा बघतोस ते. कॅमेरा हलतो तिथे, म्हणजे तू हसत होतास. त्यानंतर मी दारातून येते आणि तिला काहीतरी सांगते. माझे हात बघून मलाच लाज वाटली, किती घाईनं आणि अर्धवट बोलते मी. मी गेल्यावर ती कॅमेऱ्याकडे वळून तुला म्हणते, "आई कानांनी ऐकते ना, म्हणून डोळ्यांनी तिला कमी ऐकू येतं." आणि तू तिला 'शूः' म्हणायला एक बोट कॅमेऱ्यापुढे आणतोस. दोघंही माझ्या पाठीमागे माझीच उडवत होतात तर. मला हे इतकं आवडलं की मी ते पुन्हा पुन्हा लावलं. मूळ कॅसेट नाही, संगणकातलं. घाबरू नकोस.

आमच्या साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, फील्ड सुटी केल्यावर चित्र ओळभर वर-खाली डुलतंय, बरं नाही दिसत. ते खरं आहे. दोन फील्डच्या ओळी एकमेकींच्या खाली असतात, त्यामुळे सगळं घर बारीक उड्या मारल्यासारखं दिसतं. साहेबांकडे एक नवीन प्रोग्राम आहे, तो राहिलेल्या ओळी अंदाजानं भरतो. एकदम गुळगुळीत. मी नको म्हटलं. तिचं एखादं बोट यंत्रानं अंदाजानं रचलेलं असेल, आणि मी ते वाचून तुला कळवीन, हे मला जमणार नाही. डुलू दे घर. अर्ध्याच ओळी असल्या तरी त्या तिच्या आहेत.

मधला बराच भाग जुनं काही पुसून वर भरलेला दिसतो. तुझी जुनी सवय. नवी कॅसेट आणायची म्हटलं की तुझ्या जिवावर यायचं.

गॅलरीतल्या तुकड्यापर्यंत आले आहे. तो उद्या.

तुझी

८ मार्च

प्रिय,

उशीर झाला. ऑफिसात तपासणी आहे, सगळ्यांची धावपळ. गॅलरीचा तुकडा अजून बघायला मिळाला नाही. टेप तिथे खराब आहे, वेळ लागेल.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या बाई तुझी चौकशी करत होत्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार पुन्हा लागत नाही, पण ती काही तुला बोलवायची सबब नाही, नुसतं सांगितलं.

एक विचारायचं होतं. गॅलरीचा कठडा हिरवा होता, तू तो पांढरा केलास. तो नक्की कधी केलास? सहज विचारतेय. वन्संना सांग, त्या मला कळवतील. नाहीतर स्वतःच लिही, हात झिजणार नाही.

तुझी

१५ मार्च

प्रिय,

तुझं कार्ड आलं. "ती जायच्या आधीच्या रविवारी. ब्रश तिनंच धरला होता." कार्ड हातात घेऊन मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालच्या गजावर, तिच्या उंचीला, रंगाचे ओघळ अजून आहेत.

आता बस आणि नीट वाच. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तपासणी वगैरे काही नव्हती. गॅलरीचा तुकडा मी त्याच्या कितीतरी आधी बघितला होता. तू म्हणाला होतास चांगलं करून लिहू नकोस, आणि मला चांगलं करता येईना आणि वाईट लिहवेना, म्हणून अळीमिळी गुपचिळी.

ती तेच म्हणाली. तू बरोबर वाचलं होतंस. दोन्ही हातांची बोटं कपाळाशी, ती थरथरवून, मग तुझ्याकडे बघून भुवया वर. "बाबा, डोकं दुखतंय." आता ते इतकं स्पष्ट आहे की शंकेला जागा नाही. धुरातून तूच ते ओळखलंस, कारण तुझीच मुलगी होती. ते बघितल्यावर मी संगणक बंद केला आणि ठरवलं, तुला कळवायचं की टेप गेली, काही दिसत नाही. तसं पत्र लिहिलंही. फाडलं.

फाडलं ते कबुतरांमुळे. मनात आलं, बघायचंच आहे तर शेवटपर्यंत बघू, हा माणूस माझ्या पोरीला सोडून कबुतरं कशी टिपत बसला ते डोळे भरून बघू. हो, असंच मनात आलं. तू घर सोडलंस तेव्हा मी तुला अडवलं नाही, ते का, हे तुलाही कळलं असणार. तू स्वतःबद्दल जे मानत होतास तेच मीही मानत होते. हातांनी तुला म्हणाले, "तुझी चूक नाही," पण तू चेहरा वाचणारा माणूस आहेस.

तर कबुतरं. दुकानदारानं खालची कड छाटली होती. माझ्याकडे सगळ्या ओळी आहेत. सगळ्यात खाली, कचकचीच्या जरा वर, कबुतरांच्या चित्रात कठड्याची पट्टी दिसते. ती हिरवी आहे. तिळू उभी आहे त्या चित्रात तिच्या मागचा कठडा पांढरा आहे. मला वाटलं टेपचा रंग उडाला असेल, म्हणून तुला तारीख विचारली. आता तुझं कार्ड आलंय. कबुतरं तू त्या सकाळी टिपलीच नाहीत. ती आधी कधीतरी टिपलेली, आणि त्यांच्यावर तू तिळूला भरलंस. तिथे तू बटण बंद केलंस, आणि पुसायचं राहिलेलं जुनं चित्र पुढे सुरू झालं. तू तिच्याकडून कुठेही वळला नाहीस. ती कॉपी बघून बघून तुला वळल्याचं आठवायला लागलं.

पण मग तू केलंस काय, हे राहतंच. "दुखतंय" म्हणून तिचे हात खाली येतात, चित्र कलंडतं, आणि डावीकडून एक काळपट सावली आत शिरते. कॉपीतही ती होती. आपण दोघंही ती तुझ्या बोटाची समजलो, कॅमेरा वळवताना काचेवर आलेल्या. त्याच्या पुढची एक फ्रेम दुकानदारानं कापून टाकली, कारण ती फुटलेली दिसते.

ती फुटलेली नाही. टेपवर भरणं थांबलं ते बरोबर एका फ्रेमच्या मध्यावर. तिच्यातलं पहिलं फील्ड त्या सकाळचं आहे आणि दुसरं जुन्या कबुतरांचं. एक ओळ तिळू, एक ओळ पंख, एक ओळ तिळू. एकत्र बघितलं तर नुसता चिखल. कुणीही कापून फेकला असता, मीही फेकला असता, ऑफिसात रोज फेकते. या वेळी मी दोन्ही सुटी केली.

पहिल्या फील्डमध्ये, अर्ध्या ओळींत, तुझा हात आहे. डावा. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, त्या आठवड्यात हातोडी लागली होती ना तुला. पंजा उलटा करून, बोटांची मागची बाजू तिच्या कपाळाला टेकलेली, ताप बघतात तशी. तिचे डोळे मिटलेत. कॅमेरा तुझ्या उजव्या हातात कसातरी लटकत असणार, म्हणून सगळं तिरकं आहे. त्यानंतर लगेच तू बटण दाबलंस.

एवढंच एक फील्ड. त्याच्या आधी हात पोचलेला नाही आणि त्याच्यानंतर कबुतरं आहेत. छापून सोबत पाठवतेय. त्यावर काही केलेलं नाही, एक आड एक ओळ काळी दिसेल, ती रिकामी ओळ आहे. हातभर लांबून बघ, म्हणजे दिसेल.

यानं काय होतं? काही होत नाही. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की सकाळी आणलं असतं तरी त्या तापापुढे कुणाचं चाललं नसतं. आपण दोघांनी ते ऐकून सोडून दिलं. तू घरी परत ये, असंही मी यात लिहीत नाही. मला अजून तुझा राग येतो, फक्त आता कशाचा ते सांगता येत नाही, आणि तसा राग फार दिवस टिकत नसावा.

पण एक मला माझ्यासाठी लिहायचंय. त्या सकाळी मी कामावर होते. दुपारी शेजारच्या बाईंचा फोन आला तेव्हापासून आजपर्यंत मी एकच गोष्ट कुणाला विचारू शकले नाही. माझ्या मुलीनं दुखतंय म्हणून सांगितलं, तेव्हा तिला कुणी हात तरी लावला का. तुला विचारायची हिंमत नव्हती, कारण उत्तर ठाऊक आहे असं वाटायचं. भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, दुसऱ्यांच्या कॅसेट बघताना, मला ती त्या गॅलरीत एकटी कपाळाशी हात धरून उभी दिसायची.

ती एकटी नव्हती. तिनं सांगितलं आणि तू ऐकलंस. तुझ्या लक्षात राहिलं नाही, आणि मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

तुझी